पिकअप घ्यायचीय, पण ‘किती मारते’ याचा हिशोब जुळेना

गिरणारेकर · सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

घरचा टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. आजवर माल भाड्याच्या गाडीनेच पिंपळगावला नाहीतर वाशीला जायचा. यंदा भाड्याने पार कंबर मोडली, म्हणून सेकंडहँड पिकअप घ्यायचं ठरवलंय. दोन महिने गाड्या बघतोय. कुणालाही विचारा, “किती मारते?” उत्तर एकच, “दोन टन डोळे झाकून.” आता दोन टन सगळ्याच मारत असतील तर किमतीत एवढा फरक का, हे कुणी सांगत नाही.

एक गाडी पसंत पडलीय. आरसीवर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३१५० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचं १६२०. वजाबाकी केली तर १५३० उरतात. एजंट म्हणतो पंचाहत्तर कॅरेट आरामात. एका कॅरेटमध्ये २० किलो टोमॅटो धरला तर ७५ म्हणजे १५०० किलो, हिशोब बरोबर दिसतो. तरी मन खातंय. हा १५३० आकडा खरा धरायचा का?

दुसरं असं की, आमचं दुसरं रान सहा किलोमीटरवर आहे. ट्रॅक्टरमागे चालणारा फवारणीचा ६०० लिटरचा ब्लोअर पिकअपला हूक लावून नेता येईल का? ट्रॅक्टर एका रानात अडकलेला असतो म्हणून विचारतोय.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल.


सातपूर_फर्स्टशिफ्ट · सोमवार, ९.५२

नाव सांगा ना भाऊ. बोलेरोच्या घरची असेल तर विचार कसला करताय, बोलेरो आपल्या सातपूरला बनते. घरचं कार्टं.


गिरणारेकर · ९.५५

बघा, सुरू झालं.


चालकमालक · १०.३०

गिरणारेकर भाऊ, १७ वर्षं वाशी लाइन मारतोय, आधी दुसऱ्याच्या गाडीवर, आता स्वतःच्या. तुमचं मन खातंय ते बरोबरच खातंय.

आरसीवरचं रिकामं वजन म्हणजे गाडी पासिंगला गेली त्या दिवसाचं वजन. त्यानंतर पहिल्या मालकाने काय काय लावलं ते बघा. हौद्यावर लोखंडी जाळी, टपावर कॅरिअर, जाड पत्र्याचा फाळका, हौद्यात दुसरी स्टेपनी, मागच्या स्प्रिंगला जादा पाटा. हे सगळं तुमच्या १५३० मधून जातं. आणि रिकाम्या वजनात ड्रायव्हर-क्लीनर धरत नाहीत, कायद्यातली व्याख्याच तशी आहे. म्हणजे तुम्ही, तुमचा पोरगा आणि एक हमाल बसलात की तेही मालातच मोजायचे.

कॅरेटचं म्हणाल तर रिकामं कॅरेट कधी काट्यावर ठेवलंय का? आमच्याकडची दीड ते पावणेदोन किलोची भरतात. सत्तर-पंचाहत्तर कॅरेट म्हणजे सव्वाशे किलो नुसतं प्लास्टिक.

सौदा करायच्या आधी एक काम करा. टाकी फुल करा, भुईकाट्यावर जा, सगळे खाली उतरा आणि रिकाम्या गाडीची पावती घ्या. काय पन्नास-शंभर रुपये लागतील ते लागोत.


आडगावची_पोर · १०.४१

पण दादा, गाड्या तर सगळ्या ओव्हरलोडच पळतात. पिंपळगावच्या मार्केटबाहेर उभं राहा अर्धा तास. मागचे पाटे उलटे वाकलेले नाहीत अशी पिकअप दाखवा.


चालकमालक · ११.०५

ताई, पळतात, मान्य. मीही पळवल्यात.

सांगतोच आता. बरीच वर्षं झाली. कांदा होता, जीव्हीडब्ल्यूच्या वर सहजी आठशे किलो. चढाला गाडी काही बोलली नाही, इंजिन दमदार होतं. कसारा घाट उतरताना तिसऱ्या वळणानंतर पेडल मऊ लागायला लागलं. मग वास आला, जळकी रबरं आणि लोखंड मिसळल्यासारखा. मग पेडल तळाला. दुसऱ्या गियरमध्ये कशीबशी आणली, सपाटीला लावली. मागच्या दोन्ही चाकांतून धूर. आमच्या हमालाने शहाणपणा केला आणि कॅनभर पाणी ड्रमवर ओतलं. ‘टण्’ असा आवाज झाला. ड्रमला चीर! नवीन ड्रम, लायनर आणि दिवसभराची खोटी, कांद्याचा भाव हुकला तो वेगळाच.

चढाला इंजिन लागतं, उताराला ब्रेक लागतात. एजंट तुम्हाला इंजिन दाखवतो. कंपनीने जीव्हीडब्ल्यू ठरवताना ब्रेक, हब, अ‍ॅक्सल, चासी, टायर सगळं धरलेलं असतं. पाटा वाढवला म्हणजे गाडी मागून बसत नाही एवढंच. ब्रेक तेवढेच राहतात. उलट गाडी बसत नाही म्हणून आपल्याला वाटतं झेपलं.


सिंहस्थी · ११.२०

कसाऱ्याला रेल्वेसुद्धा मस्ती करत नाही. कसारा ते इगतपुरी ३७ ला १ असा चढ आहे, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. आपण मात्र चार सिलिंडरवर सगळा बाजार घेऊन निघायचो.


काटापावती · मंगळवार, सकाळी ७.१५

चालकमालक यांना +१. कायद्याचं थोडं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० असा दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च आपला. टोमॅटो रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवून बघा म्हणजे दंड स्वस्त वाटेल.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाजारात २९९० किलो जीव्हीडब्ल्यूच्या गाड्या दिसतात, तो आकडा उगीच आलेला नाही. कलम ६६ प्रमाणे ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तुमची ३१५० ची आहे, म्हणजे परमिट लागणार. गाडी घेताना परमिट चालू आहे का, फिटनेस कधी संपतंय, दोन्ही बघा. वर्षाकाठी दोन-तीन महिनेच माल असेल तर २९९० वाली परवडते का याचाही विचार करा.


मखमलाबादचे_नाना · मंगळवार, ९.०५

लायसन्सचं काय? आमच्या पोराकडे साधं कारचं आहे. त्याला पिकअप चालवता येईल का?


काटापावती · ९.१८

येईल नाना. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हा वाद मिटवला. एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही.


जेन_झी_गंगापूर_रोड · ९.३०

काका लोक, हे सगळं सोडा आणि इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घ्या. युट्यूबवर बघितलं, ऑस्ट्रेलियात तीच डी-मॅक्स ३५०० किलो ओढते! ब्लोअर काय चीज आहे.


सातपूर_फर्स्टशिफ्ट · ९.३३

घे तू. कॅरेट मागच्या सीटवर ठेव, बेल्ट लाव.


ह्यूस्टनमधला_नाशिककर · मंगळवार, ११.५०

जेन झी, तू म्हणतोस तो आकडा खरा आहे, पण अर्धाच. ३५०० किलो हे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी. त्याच गाडीला ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मर्यादा ७५० किलो. आणि गिरणारेकरांच्या ब्लोअरला ब्रेक नाहीत. ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो तिथेच, वर पंखा, पंप, सांगाडा, चाकं.

इथे टेक्सासमध्ये शेजारीपाजारी सगळे पिकअपवाले. बोट ओढतात, घोडे ओढतात, आख्खं घर ओढतात. माझ्या शेजाऱ्याची गोष्ट सांगतो. ब्रोशरमध्ये टोइंग, म्हणजे ओढायची क्षमता, ११,००० पौंड, म्हणजे साधारण पाच टन. त्याने ७,००० पौंडांचा राहण्याचा ट्रेलर घेतला. म्हणाला, अजून चार हजार शिल्लक आहेत. मी म्हटलं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचलास का? त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून एवढ्याच्या वर नको. त्याच्या गाडीला तो आकडा, म्हणजे पेलोड, १,५०० पौंड होता, ६८० किलो.

आता ट्रेलर हूकवर नुसता अडकत नाही, तो टेकतोसुद्धा. वजनाच्या १० ते १५ टक्के भार हूकवर यावा लागतो. १२ टक्के धर, ७,००० चे ८४० पौंड. हे ८४० पेलोडमधून जातात! नवरा-बायको आणि दोन दांडगी पोरं मिळून ६००. झाले १,४४०. उरले ६० पौंड, २७ किलो. त्यात बर्फाचा डबा, कुत्रा, सायकली. टोइंगचा आकडा अजून हजारो पौंड दूर होता आणि पेलोड संपलं होतं. इथे बहुतेकांचं असंच होतं, आधी पेलोड संपतं.

बाकी इथे पिकअपला ‘हाफ टन’ म्हणतात त्याचा खऱ्या क्षमतेशी आता काही संबंध उरलेला नाही. आपल्याकडच्या ‘छोटा हत्ती’सारखंच, नाव ते नाव.

टोइंगच्या आकड्याचीही इथे आधी बोंब होती. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजायची. मग जे२८०७ नावाचं एक मानक आलं, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून सगळ्यांत आधी घेतलं. अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमचा चढ आहे, सुमारे १८ किलोमीटर. ट्रेलर जोडून, एसी फुल लावून तो चढायचा आणि मागे जोडी चाकं नसलेल्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. त्याआधीचे आकडे म्हणजे आपल्या एजंटचे ‘दोन टन डोळे झाकून’.


आडगावची_पोर · १२.०४

हूकवर १०-१५ टक्के भार ‘यावा लागतो’ म्हणजे काय? कमी आला तर चांगलंच ना, पेलोड वाचेल.


मखमलाबादचे_नाना · मंगळवार, दुपारी ३.४५

पोरी, तू बैलगाडी भरलेली नाहीस म्हणून विचारतेस.

गाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला जोतं आवळतं आणि बैलाचे पाय जमिनीवर धड टेकत नाहीत. माल पुढे जास्त झाला की धुरजड, बैलांच्या मानेवर सगळा भार, संध्याकाळपर्यंत खांदा सोलून निघतो. आमचे वडील गाडी भरून झाली की जू हाताने उचलून बघायचे. थोडं जड लागलं पाहिजे. फार नाही, थोडं. मग म्हणायचे, हं, जुंपा.

ह्यूस्टनवाले सांगतात ती तीच गोष्ट दिसतेय. हूकवर थोडा भार हवाच.


ह्यूस्टनमधला_नाशिककर · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

नाना, दंडवत. दहा वर्षं इथे लोकांना हे समजावतोय, ‘उलाळ’ शब्द हाताशी असता तर एका मिनिटात संपलं असतं.

तंतोतंत तेच. माल ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेला, हूकवरचा भार कमी झाला, की वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि पुढची गाडीही हलवतो. धुरजड झाला तर पिकअपचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग हातात राहत नाही.


चालकमालक · ८.१०

हे ट्रेलर नसतानाही होतं बरं. कॅरेट फाळक्याकडे जास्त रचली की गाडी उलाळ. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढचं तोंड उचलतो. एकूण वजन बरोबर असलं तरी मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड होऊ शकतो. मालवाहू गाडीला प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन आरसीच्या कागदांत नोंदलेलं असतं, तेही बघा. भुईकाट्यावर फक्त मागची चाकं चढवूनही वजन घेता येतं, काटावाल्याला सांगायचं. तो कुरकुरतो, पण देतो.

आणि रचताना पहिला थर केबिनला टेकवून.


टायर_पंक्चर_पाथर्डी_फाटा · ८.२५

टायर कुणी विचारलेच नाहीत. टायरच्या बाजूला साइजच्या पुढे लोड इंडेक्सचा आकडा असतो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. दोन आकडे तिरक्या रेघेने लिहिले असतील तर पहिला एकेरी चाकाचा. तेही टायरवर सांगितलेली पूर्ण हवा असेल तरच. सेकंडहँड गाडीला पार्ट्या काय वाटेल ते टायर चढवून देतात. नक्षी बघू नका, आकडा वाचा.


जेन_झी_गंगापूर_रोड · ८.४०

ओके, व्ही-क्रॉस कॅन्सल. पण ब्लोअरचं काय ठरलं?


काटापावती · ८.५८

ब्लोअर पिकअपमागे रस्त्यावर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ब्रेक नाहीत, मागे दिवे नाहीत, रस्त्यावर ओढायचा ट्रेलर म्हणजे कायद्याने स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी लागते. बंपरला वेल्डिंग केलेला हूक म्हणजे तर देवाच्या भरवशावर. आणि टाकी अर्धी भरलेली असेल तर पाणी पुढे-मागे हेलकावे खातं, ब्रेक मारला की मागून धक्का. ट्रॅक्टरनेच न्या, टाकी रिकामी करून न्या, पाणी दुसऱ्या रानात भरा.


गिरणारेकर · शुक्रवार, रात्री १०.१५

मंडळी, आज काट्यावर जाऊन आलो. पिंपळगावला माल द्यायला जायचंच होतं, एजंटला म्हटलं गाडी तिकडेच आणा. तो आधी हसला. “शेठ, काटा तर माल विकताना करतात.” म्हटलं, आज विकत घेताना करू.

टाकी फुल केली, आम्ही सगळे खाली उतरलो. पावती आली १७६० किलो! आरसीवर १६२०. म्हणजे १४० किलो गाडी वाढलीय. एजंट पावतीकडे आणि मी एजंटकडे बघत राहिलो.

मग तिथेच कॅरेटच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. ३१५० मधून १७६० गेले, उरले १३९०. आम्ही तिघं २१० किलो, उरले ११८०. ताडपत्री, दोर २५, उरले ११५५. आमचं रिकामं कॅरेट १ किलो ७०० भरलं, टोमॅटोसकट २१.७. भागिले केलं तर ५३ कॅरेट!

पंचाहत्तरचे त्रेपन्न झाले. एजंटच्या पंचाहत्तरने भरली असती तर गाडी ३६२० च्या वर गेली असती, पावणेपाचशे किलो जास्त. आणि मी ती कसाऱ्यातून उतरवणार होतो.

मागचे टायर वाचले. १०४. दोन्ही मिळून १८०० किलो.


चालकमालक · १०.२२

भरलेल्या गाडीला मागे त्याहून जास्त येणार. टायर बदलल्याशिवाय सौदा करू नका.


आडगावची_पोर · १०.२५

५३! मग ही सोडून मोठी गाडी बघणार का आता?


गिरणारेकर · १०.४४

तोच विचार चाललाय. टपावरचं कॅरिअर, दुसरी स्टेपनी आणि हौद्यातला जाड लोखंडी पत्रा मला नकोच आहे. तो काढून मग बघतो. वाशीला जाताना तिसरा माणूस पण कशाला हवा, हमाल तिथे मिळतात. पोरगा रुसेल, त्याला वाशी बघायची असते.


सातपूर_फर्स्टशिफ्ट · १०.४६

पोराला डाएटवर ठेवा.


गिरणारेकर · पुढचा गुरुवार, संध्याकाळी ६.३०

घेतली. काटा पावती, टायर आणि परमिटचे राहिलेले कागद दाखवून भावात पंधरा हजार पाडले. मागे ११२ चे टायर टाकले. कॅरिअर, स्टेपनी, पत्रा सगळं उतरवलं, गॅरेजवाल्याने भंगारच्या भावाने ठेवून घेतलं. जादा पाटाही काढायला लावला. तो म्हणाला, “शेठ, हा राहू द्या, उपयोगी पडेल.” म्हटलं, म्हणूनच काढ.

रिकामी पावती १६७०. दोघं मिळून १४०, ताडपत्री-दोर २५. उरले १३१५. म्हणजे ६० कॅरेट.

आज पहिला माल भरला. साठ कॅरेट, पहिला थर केबिनला टेकवून. फाळक्याकडचे दोन थर कमी ठेवले, नानांची आठवण काढून. आम्ही दोघं आत बसूनच काटा केला. पावती ३१४०. फक्त मागची चाकं चढवून घेतली तर २०५०, टायरच्या २२४० च्या आत. आरसीतल्या अ‍ॅक्सलच्या आकड्याशीही ताडून बघितलं, बसतंय. रात्री वाशीला निघतोय, घाट दुसऱ्या गियरमध्ये.

ब्लोअर ट्रॅक्टरनेच.


मखमलाबादचे_नाना · ६.४२

फोटो टाका. नारळ फोडला का?


गिरणारेकर · ६.५०

फोडला नाना. फोटो उद्या.


सातपूर_फर्स्टशिफ्ट · ६.५३

३१५० पैकी ३१४०? दहा किलो शिल्लक. निघताना मिसळ खाऊ नका भाऊ, पाव मोजले जातील.